मामा वाकले नाहीत

पुणे, १२ नोव्हेंबर २०२४

मामा,

तुम्हाला पत्रात नमस्कार लिहायची मला परवानगी नाही, म्हणून नुसतंच ‘मामा’. दिवाळी करून मी नीट पोचले. मामींच्या डब्यातली बेसनाची कुरकुरीत ठेठरी प्रयोगशाळेतल्या मुलींनी पहिल्याच दिवशी संपवली. पण एक गोष्ट काही केल्या डोक्यातून जात नाही. स्टेशनवर तुम्ही वाकला नाहीत.

गाडी आली, तुम्ही बॅग आत ठेवलीत, हात हलवलात आणि गर्दीतून निघून गेलात. आई गेल्यावर मी तुमच्या घरी राहायला आले, तेव्हापासून मी कुठेही निघाले की तुम्ही माझ्या पाया पडल्याशिवाय जाऊ दिलं नाही. शाळेच्या सहलीला निघाले तरी. मैत्रिणी बघायच्या, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. इथे पुण्यात सांगितलं की आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, तर लोकांना वाटतं मी उलटं बोलले. मग मला समजावत बसावं लागतं की कौसल्या आमच्या तिकडची, म्हणून राम अख्ख्या छत्तीसगडचा भाचा, आणि तिथे प्रत्येक भाचा-भाचीला तोच मान. आपले पणजोबा रेल्वेच्या नोकरीत वर्ध्याहून आले आणि पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, शेजाऱ्यांकडून ही रीत शिकले, हेही सांगते. आणि आता त्याच रीतीसाठी मीच रुसून बसले आहे.

तुम्ही रागावला आहात ना? तुम्ही चार लोकांकडे शब्द टाकून रायपूरच्या कॉलेजात माझ्यासाठी नोकरीची जागा धरली आणि मी नको म्हटलं. यंदा सदर बाजारातही तुम्ही आला नाहीत, मामींना पाठवलंत. दरवर्षी सराफाशी घासाघीस तुम्ही करता. जेवताना भरल्या ताटावरून उठून गेलात, तेही मी पाहिलं. राग असेल तर सरळ लिहा. फोनवर विचारलं असतं, पण मिलच्या खडखडाटाने तुमचे कान नेलेत. आणि मराठी गंजू नये म्हणून पत्रच लिहायचं, हा नियम तुमचाच आहे.

तुमची,
देवश्री

*

शंकर नगर, रायपूर, २४ नोव्हेंबर २०२४

भाचीबाईंच्या पायांवर अच्युतमामाचं डोकं. स्टेशनवर राहिलेलं हे आता पोचतं करतो, म्हणजे हिशेब मिटला.

अगं पोट्टी, राग कसला? गुडघे. साठीला टेकलेल्या माणसाचे गुडघे कधी ऐकतात, कधी नाही. सदर बाजारात आता इतक्या मोटारसायकली झाल्यात की माणसाने चालायचं कुठे, म्हणून मामीला पाठवलं. तिने तुझ्यासाठी आणलेले पैंजण माझ्यापेक्षा स्वस्त आणले, हे मात्र मला लागलं आहे.

कॉलेजच्या नोकरीचं म्हणशील तर थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? तू जवळ असतीस, रोज सकाळी तुझी किरकिर ऐकली असती. पण तुझं काम मोठं आहे, असं सगळे म्हणतात. काय आहे ते मात्र मला सांगता येत नाही. परवा मिलमध्ये लहानूने विचारलं, “भैया, तुमची भाची पुण्यात काय करून राहिली?” मी म्हटलं, पोटावर काम करते. तो म्हणाला, “हव, पोटासाठी त सगळेच काम करून राहिले.” तेव्हा एकदा साध्या मराठीत लिहून पाठव. पोटात नेमकं काय पाहतेस तू? आणि पोटाचं डोक्याशी खरंच काही नातं असतं का? लोक म्हणतात की टेन्शन घेतलं की पोट बिघडतं. ते खरं की नुसतं बोलणं?

इकडे एक चांगली बातमी. उरला भागातल्या आमच्या सळयांच्या मिलमध्ये मला आता लोखंड लाटणाऱ्या रुळांवरून काढून वजनकाट्यावर बसवलं आहे. ट्रक येतो, काट्यावर चढतो, मी आकडा लिहितो. डोक्यावर पंखा, बसायला खुर्ची. बढतीच समज.

मामा

*

पुणे, ८ डिसेंबर २०२४

मामा,

गुडघ्यांना तेल लावा. बढतीचे पेढे माझ्या वाट्याचे ठेवा.

तुम्ही कधी माझ्या कामाबद्दल इतकं विचारलं नव्हतं. पत्र वाचून मला इतका आनंद झाला की लगेच लिहायला बसले.

आपल्या अन्ननलिकेच्या आणि आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं एक जाळं आहे, घशाखालून थेट शेवटापर्यंत. ते मेंदूला विचारल्याशिवाय स्वतःचा पुष्कळसा कारभार चालवतं. घास कधी पुढे ढकलायचा, कुठे थांबवायचा, सगळं. आणि त्याच भिंतीत शरीराच्या पहारेकरी पेशींचा मोठा जमाव बसलेला असतो, कारण बाहेरचं जग रोज आपल्या आत शिरतं ते तोंडावाटेच. वरणभात आला तर जाऊ द्यायचा, रोगजंतू आला तर धरायचा, हे त्यांचं काम.

आम्ही शाळेत शिकलो तेव्हा हे दोन वेगळे धडे होते. पण ते शेजारीच राहतात, आणि दिवसभर एकमेकांना निरोप धाडत असतात. आवाज नाही, रसायनांचे निरोप. पहारेकरी उगाच चवताळला तर काही तंतू त्याला सबुरीने घ्यायला लावतात. काही तंतू उलट त्याला चिथावतात. पहारेकरीही तंतूंची काळजी घेतात, त्यांना धरून राहतात. पण एकदा का ते पिसाळले की आतड्याला सूज येते, आणि त्यात हे शेजारचे तंतूही जखमी होतात. माणूस सतत काळजीत असला तर मेंदूकडून निघालेला निरोप या तंतूंपर्यंत पोचतो आणि सूज वाढू शकते. म्हणजे पोटात गोळा येतो, पोटात खड्डा पडतो, हे आपण उगाच म्हणत नाही.

मी उंदराच्या आतड्याचा बारीकसा तुकडा ताटलीत जिवंत ठेवते आणि बघते, तंतूंना शांत केलं तर पहारेकरी शांत होतात का. कधी होतात, बरेचदा होत नाहीत. गेल्या आठवड्यात झाले. मी दार लावून एकटीच नाचले.

लहानूकाकांना एवढं सांगितलं तर चालेल ना?

देवश्री

*

रायपूर, ३० डिसेंबर २०२४

भाचीबाईंच्या पायांवर डोकं. गुडघे अजून संपावर आहेत, म्हणून कागदावरच.

तुझं पत्र लहानूला जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवलं. तो म्हणाला, “हे त आपल्या मिलसारखंच झालं.” आणि खरंच आहे. आमच्याकडे रुळांच्या आवाजात बाजूच्या माणसाचंही ऐकू येत नाही. भट्टीवाला हात वर करतो, रुळावाला समजतो. पंजा फिरवला की येऊ दे, मूठ दाखवली की थांब. आयुष्यभर आम्ही हातांनी बोललो. तुझे ते तंतू मूठ दाखवतात आणि पहारेकरी थांबतो, असंच ना? मग मला सगळं समजलं. तुझ्या परीक्षकांपुढे मला उभं कर.

आता ऐक. मीही तुझ्या शास्त्राला लागलो आहे. रोज संध्याकाळी तेलीबांध्याच्या तलावावर जाऊन बसतो. दीर्घ श्वास घेतो. मिलचा विचार करत नाही, तुझ्या नोकरीचाही करत नाही. चिडायचं नाही, कुढायचं नाही, असा निश्चय केला आहे. मामी विचारते, “हे काय नवीन काढून राहिले तुम्ही?” मी म्हटलं, “भाचीनं लिहून पाठवलं. तिच्यापुढं बाकीच्याइचं काय ऐकायचं?” वय झालं की पोटाच्या बारीकसारीक कुरबुरी चालायच्याच. त्यासाठी डॉक्टरांच्या दारात ताटकळत बसण्यापेक्षा मुळातच तंतू शांत ठेवलेले बरे. माझं बरोबर आहे की नाही, तेवढं कळव.

मामा

*

पुणे, १० जानेवारी २०२५

मामा,

अगदी बरोबर. शंभर टक्के. तुम्ही तलावावर बसून श्वास मोजताय हे चित्र डोळ्यांपुढे आणून मी दिवसभर हसत होते. हेच चालू ठेवा, मुळीच सोडू नका.

हाताच्या खुणांचं मी आमच्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, हे प्रबंधाच्या प्रस्तावनेत टाक. टाकलं आहे. प्रबंध मार्चअखेर द्यायचा आहे, त्यामुळे आता पत्रं थोडी उशिरा येतील. रागावू नका.

देवश्री

*

रायपूर, ५ फेब्रुवारी २०२५

चि. देवश्री,

रीतीप्रमाणे मामीनेही तुझ्या पाया पडायला पाहिजे. पण मी तुझ्या वेण्या घातल्या आहेत, उवा काढल्या आहेत, त्यामुळे मी आशीर्वादच लिहिते. पत्र लिहायची मला सवय नाही. यांनी मला शपथ घातली होती, “देवश्रीले तोंडानं काही सांगशीन त मायं मेलेलं तोंड पाहशीन.” तोंडाने मी सांगितलं नाही, फोनवरही नाही. हाताने न लिहिण्याची शपथ त्यांना सुचली नाही.

तुझ्या मामांचे गुडघे धडधाकट आहेत. आजार मोठ्या आतड्याचा आहे. आत सूज आणि जखमा आहेत, शौचातून रक्त जातं. डॉक्टर त्याला कोलायटिस म्हणतात. दोन वर्षं झाली. रोजच्या गोळ्यांनी बरं चाललं होतं, पण दसऱ्यापासून पुन्हा उचल खाल्ली. वाकलं की कळ यायची आणि कपडे खराब होतील याची भीती वाटायची. म्हणून स्टेशनवर वाकले नाहीत. घरी आल्यावर न्हाणीघरात नळ सोडून रडले, मला ऐकू येऊ नये म्हणून. कान त्यांचे गेले आहेत, माझे नाही. सदर बाजारात शौचाला जायला जागा नसते म्हणून आले नाहीत. आणि वजनकाटा ही बढती नाही. तिथून संडास जवळ आहे, म्हणून यांनी मागून घेतला.

आता खरं सांगते. डिसेंबरात तुझं ते तंतूंचं पत्र आल्यावर यांनी गोळ्या कमी केल्या, आणि जानेवारीत तुझं ‘अगदी बरोबर’ आल्यावर पार बंद केल्या. मला म्हणायचे, घेतल्या. भरलेली पाकिटं स्वेटरच्या खाली सापडली. मागच्या आठवड्यात काट्यावरच चक्कर येऊन पडले. लहानूने गाडीत घालून दवाखान्यात आणलं. रक्त चढवावं लागलं. डॉक्टर चिडले तर त्यांनाच सांगतात, “माया भाचीनं लिहून देल्लं. ते याच विषयाची डॉक्टर होऊन राहिली.”

परवा घरी आणलं आहे. डॉक्टर म्हणाले की गोळ्या नेमाने घेतल्या तर सावरतील, नाहीतर आतडं काढायची वेळ येईल. हे अजूनही टाळतात. म्हणतात, पहिले तिले विचारतो. आणि विचारतही नाहीत, कारण विचारलं की तुला कळेल. मी म्हटलं, बोलावून घेऊ तिला, चार दिवस पाहील. तर म्हणाले, “भाचीकडून सेवा घेऊ? हे पाप कुठं फेडू? आणि तिचं पुस्तक राहून जाईन.”

तू धावत येऊ नको. आलीस तर ते मनाने आणखी खचतील. पण काहीतरी लिही. ते ऐकतात ते फक्त तुझंच.

मामी

*

पुणे, ११ फेब्रुवारी २०२५

मामा,

काल मी फोनवर ओरडत होते तेव्हा तुम्ही ‘ऐकू येत नाही’ म्हणून ठेवून दिलात. तुम्हाला ऐकू आलं होतं. तुम्ही रडताना नाक ओढता, ते मला ओळखू येतं. म्हणून कागदावर लिहिते, कागद ठेवून देता येत नाही. मामींवर रागवायचं नाही, त्यांनी शपथ पाळली आहे.

मी काल रात्रभर तुमची पत्रं काढून वाचली. भरल्या ताटावरून उठणं, काटा, गुडघे, ‘बारीकसारीक कुरबुरी’. हाच माझा विषय, मामा. ताटलीतल्या तुकड्याला जराशी सूज आली तर मला कळतं, आणि माझ्यासमोर जेवणारा माणूस मला कळला नाही. मला वाटलं तुम्ही रागावलात. मला फार वाईट वाटतंय.

आता नीट वाचा. तंतू आणि पहारेकरी बोलतात हे खरं आहे. काळजीने तुमचा आजार वाढतो हेही खरं आहे. पण नुसती काळजी सोडून तो बरा होतो, असं मी लिहिलं नव्हतं, कारण ते खरं नाही. तुम्हीच मला लहानपणी सांगितलं होतं, लाल सळई रुळांतून निसटून बाहेर उसळली की काय करता ते. तेव्हा मूठ दाखवत उभे राहता का? आधी मिल बंद करता. तुमच्या पोटात सळई बाहेर उसळलेली आहे. पहारेकरी आता खुणेचं ऐकत नाहीत, तंतूंनाच भाजून काढताहेत. गोळ्या म्हणजे मिल बंद करणं. आधी ते होऊ द्या. मग हातवारे, मग तलाव, दीर्घ श्वास, सगळं करा. त्याचाही उपयोग आहेच, पण गोळ्यांच्या जोडीने.

आणखी एक. हा मनाचा दुबळेपणा नाही. तुम्ही पुरेसे शांत राहिला नाहीत म्हणून रक्त गेलं, असं मनातसुद्धा आणू नका. आणि मी डॉक्टर होणार ती उंदरांच्या आतड्याची. तुमच्या आतड्याचे डॉक्टर रायपुरात आहेत, त्यांचं ऐकायचं.

तुम्ही माझ्याकडून सेवा घेणार नाही. ठीक आहे. मी येत नाही, प्रबंध पुरा करते. पण रीत अर्धी पाळायची नसते, मामा. भाचीकडून घ्यायचं नाही, तसंच भाचीने मागितलं तर नाही म्हणायचं नाही, हेही तुम्हीच शिकवलंत. मी आजवर काही मागितलं नाही, कारण मागायच्या आत तुम्ही दिलंत. सायकल, पैंजण, पुण्याची फी, आईची जागासुद्धा.

आज पहिल्यांदा मागते. डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या रोज वेळेवर घ्यायच्या, आणि बंद करायच्या त्या फक्त त्यांनीच सांगितल्यावर. ही माझी सेवा नाही. हे तुम्ही मला द्यायचं दान आहे. नाही म्हणून बघा.

देवश्री

*

रायपूर, २३ फेब्रुवारी २०२५

भाचीबाईंच्या पायांवर डोकं.

मागितलंस, दिलं. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. सकाळ-संध्याकाळ मामी पेला घेऊन समोर उभी राहते आणि म्हणते, “चला, भाचीचं दान काढा.” गोळी गिळल्यावर तोंड उघडून दाखवावं लागतं. लहानू भेटायला आला होता, त्याच्यासमोरही. माझी अब्रू राहिलेली नाही.

पण आता लपवायचं काही उरलं नाही तर मोकळं लिहितो. तुला वाटलं मी रागावलो, आणि मी ते वाटू दिलं. माणूस रागावला असं सांगणं सोपं असतं गं. पोटाचं कसं सांगायचं, आणि तेही पोरीला? तू लहानपणी तापात असताना मी तुझं सगळं केलं, त्याची मला कधी किळस आली नाही. पण तू माझं करावंस ही कल्पनाच सोसवेना. रीत ही एक सोय झाली. रीत नसती तर दुसरं काहीतरी शोधलं असतं.

आणि गोळ्या मी मूर्खपणाने सोडल्या नाहीत. तुझं पत्र वाचून वाटलं, माझ्या पोरीनेच हा आजार ओळखला आहे, ती म्हणते त्याच वाटेने तो बरा झाला तर केवढी शान. मग मिलमध्ये सगळ्यांना सांगितलं असतं. म्हणजे मूर्खपणाच झाला.

रक्त आता थांबत आलं आहे. कढीभात पचतो. डॉक्टर म्हणाले, तुमच्या भाचीला माझा नमस्कार सांगा. मी म्हटलं, तिला नमस्कार फक्त मी करतो.

पुस्तक पुरं कर आणि अक्तीला ये. तुमच्या तिकडची ती अक्षय्य तृतीया. पाऱ्यातल्या पोरी बाहुल्यांची लग्नं लावतील, तू लावायचीस तशी. तोवर मी वाकण्याइतका होतो.

मामा

*

पुणे, ६ मे २०२५

मामा,

पोचले. यावेळी डब्यातलं कुणाला दिलं नाही.

तुमच्या ताटावर माझं लक्ष होतं. एकदाही उठला नाहीत. सदर बाजारात सराफाशी भांडून तुम्ही जे कमी करून घेतलंत ते मामींना पुन्हा पुन्हा ऐकवत होतात, तेव्हा त्या मला म्हणाल्या, “आता वाटून राहिलं, माणूस घरी आला.” मलाही तसंच वाटलं.

आणि स्टेशनवर तुम्ही वाकलात. फलाटावर इतकी माणसं होती, कुली होते, समोरच्या बाकावरचं जोडपं टक लावून बघत होतं. लहान असताना मला अशा वेळी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटायचं. यावेळी मी पाय घट्ट रोवून उभी राहिले. तुमचं कपाळ पायाला लागलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. म्हणून तुम्हाला वाटलं असेल की पुढचं मला कळलं नाही.

पण मला कळलं. उठताना तुम्हाला एकदम उठवेना. तुम्ही हात वर केलात, माझा खांदा धरलात आणि सगळा भार त्यावर टाकून उभे राहिलात. उभे राहिल्यावरही हात लगेच काढला नाहीत, गाडीची शिट्टी होईपर्यंत तो तिथेच होता.

भाचीकडून काही घ्यायचं नसतं म्हणे. मी कुणाला सांगणार नाही, मामा. पुढच्या वेळीही खांदा तिथेच असेल.

तुमची,
देवश्री